टेकाडावरच्या सहा टोपल्या



आज पिकाचं फारसं काही नाही. कांद्याला पाणी चालू आहे. लाईट या आठवड्यात रात्रीची, त्यामुळं रात्र मोटारीवर जाते आणि दिवसा डोळ्यावर झापड. पण दोन महिने झाले, तुमच्यातले बरेच जण विचारतायत की आप्पा, तुमच्या टेकाडावर बांबूला टोमॅटोचे कॅरेट कशाला बांधलेत? कुणाला वाटलं बुजगावणं आहे, कुणाला वाटलं पाखरांना दाणापाणी ठेवलंय. एकानं तर बिबट्यासाठी काही लावलंय का म्हणून विचारलं. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

तो एक खेळ आहे. डिस्क गोल्फ म्हणतात त्याला. आम्ही आपलं तबकडी म्हणतो. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची. ती जिथं पडेल तिथं चालत जायचं, तिथूनच पुढची फेकायची, आणि असं करत करत लांबवरच्या टोपलीत टाकायची. कमी फेकीत जो टाकेल तो जिंकला. बस, एवढंच. आम्ही लहानपणी गुरं राखताना काठीनं काठी कोलत माळभर न्यायचो. काठी पडेल तिथून पुढं. तसलाच प्रकार, फक्त काठीच्या जागी प्लास्टिकची तबकडी.

हे मी कुठं शिकलो, तर अमेरिकेत. हसू नका. २०२४ च्या मार्चमध्ये पोरीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं कॅलिफोर्नियात गेलो होतो, तीन महिने. मंडळींना काम होतं. बाळ, पोरीचं खाणंपिणं, शेक, मालिश. मला काय काम? पहाटे चारला जाग यायची आणि मग खिडकीशी बसून राहायचं. शेतकऱ्याला बसून ठेवणं म्हणजे बैलाला दावणीला बांधून चारा घालण्यासारखं. अंगाला लागत नाही.

जावईबापूंच्या ते लक्षात आलं. एका रविवारी म्हणाले, "मामा, चला. तुम्हाला डोंगर दाखवतो." क्यूपर्टिनो म्हणून गाव आहे, ॲपल फोनची कंपनी तिथलीच. त्या गावाच्या कडेला डोंगर चालू होतात आणि तिथं स्टीव्हन्स क्रीक नावाचं सरकारी उद्यान आहे. त्यात एक छोटं धरण. धरण बघून मला बरं वाटलं. येडगावच्या माणसाला पाणी दिसलं की घरची आठवण येतेच. आपलं कुकडीवरचं धरण घराच्या दारात, उठल्याबरोबर पाणी दिसतं.

त्या उद्यानात टेकडीच्या अंगावर व्हिला मारिया नावाचं तबकडीचं मैदान आहे. मैदान म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? सपाट जागा, रोलर फिरवलेला, चुना मारलेला. इथं तसलं काहीच नव्हतं. टेकडी होती तशी. ओकची झाडं होती तिथंच. पायवाट मातीची. मार्च असल्यामुळं गवत हिरवं होतं (मे संपेपर्यंत ते सगळं वाळून पिवळंधमक झालं, अगदी आपल्या माळासारखं). मधूनच एक लोखंडी खांब, त्यावर साखळ्या लोंबतायत आणि साखळ्यांखाली कमरेच्या उंचीला टोपली. दोन टोपल्यांच्या मधली जमीन जशी आहे तशी. चढ असला तर चढ, ओहोळ असला तर ओहोळ. मी जावईबापूंना विचारलं, "याला मैदान का म्हणायचं? यात केलंय काय माणसानं?" ते म्हणाले, "मामा, काही केलं नाही म्हणूनच मजा आहे."

तबकडी लहान भाकरीएवढी असते. वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. पण एक नसते, तीन जाती असतात. लांब पल्ल्याची कडेला पातळ आणि धारदार, मधल्या पल्ल्याची थोडी जाड, आणि टोपलीत टाकायची बोथट कडेची. मी पहिली फेकली ती गोफणीच्या हातानं, डोक्यावरून. ती गेली आडवीतिडवी आणि जमिनीवर कडेवर पडली. उतारावर कडेवर पडलेली तबकडी थांबत नाही बघा. चाकासारखी गडगडत जाते. माझी पार ओहोळात गेली. मी उचलायला निघालो तर जावईबापूंनी हात धरला. "तीन पानांचं झुडूप दिसलं तर लावू नका हात, पॉयझन ओक आहे, आठवडाभर खाजवत बसाल." म्हणजे आपली खाजकुयलीच म्हणा, फक्त खाज काही दिवस टिकणारी. वर पाटी होती, डोंगरी सिंहाची. माउंटन लायन म्हणजे बिबट्याएवढंच जनावर. पाटीवर लिहिलेलं जावईबापूंनी वाचून दाखवलं: पळू नका, अंग मोठं करून दाखवा, लेकरं जवळ ठेवा. मी म्हणलं, ही तर आपल्या वनखात्याची पाटी, नुसती इंग्रजीत लिहिलेली.

त्या दिवशी आम्ही नऊच टोपल्या खेळलो. मला एका टोपलीला अकरा फेकी लागल्या, ते सांगायला लाज नाही. पण त्या नवव्या टोपलीला खालून वर फेकताना तबकडी साखळीला लागली आणि खळ्ळकन आवाज झाला. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेचा होतो तसा. तो आवाज कानात बसला. नंतर दर रविवारी मीच आधी बूट घालून तयार असायचो.

या साखळीच्या टोपलीचा शोध एड हेड्रिक नावाच्या माणसाचा. प्लास्टिकच्या तबकड्या बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होता तो. आधी लोक झाडावर नाहीतर खांबावर नेम धरून खेळायचे, मग लागली की नाही यावर भांडणं. १९७५ साली कॅलिफोर्नियातच ओक ग्रोव्ह नावाच्या बागेत त्यानं पहिलं कायमचं मैदान आखलं, आणि पुढं साखळी लावली, म्हणजे लागली की आवाज येतो आणि तबकडी खाली टोपलीत पडते. भांडणच नको. हा माणूस २००२ ला वारला. त्याची राख त्याच्याच इच्छेनं प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या काढल्या. आपण राख नदीत सोडतो, त्यानं हवेत सोडायची ठेवली. ज्याचा जसा भाव.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती खेळाची नाही, टेकाडाची आहे.

आमचं टेकाड तुम्ही फोटोत बघितलंय. तीस-बत्तीस गुंठे, निव्वळ मुरूम आणि खडक. वर कुसळी गवत, चार बाभळी, दोन बोरी, बांधाला घायपात. सातबारावर माझं आणि थोरल्या भावाचं, दोघांचं नाव. खाली पूर्वेला माझी जमीन, पश्चिमेला दादाचा ऊस. टेकाड सामाईक. दादाच्या शेळ्या त्यावर चरतात, वडील होते तेव्हापासून.

२०२३ चा जुलै आठवतोय ना? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. ज्याच्याकडं माल होता त्याचं सोनं झालं. माझा प्लॉट त्या वेळी नेमका संपत आला होता. हातातोंडाशी येऊन घास गेला, असं वाटत राहिलं. पुढं दोन महिन्यांत भाव पार मातीत गेला, पण माझ्या डोक्यातला जुलै काही गेला नाही. मी हिशेब मांडला. टेकाड सपाट करायचं, धरणातला गाळ आणून वर टाकायचा, ठिबक करायचं, पाऊण एकर वाढतंय. दिवाळीनंतर दादाला फक्त सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आणि चार दिवसांनी पोकलेन आणला.

दादा आला आणि वरच्या खडकावर जाऊन बसला. शेळ्या त्याच्या भोवती. म्हणाला, "खाली विहीर आहे आपली. तिचं पाणी कुठून येतं? हे गवत पाणी धरून ठेवतं. तू हे खरवडलंस तर पहिल्या मोठ्या पावसात गाळबी जाईल आणि झराबी." बरोबर बोलत होता. आजूबाजूच्या दोनतीन टेकाडांचे सपाट केलेले बांध फुटून माती रस्त्यावर आलेली मी स्वतः बघितली होती. पण पोकलेनवाला तासावर होता, बघे जमले होते, आणि मला उत्तर सुचेना. मग माणूस नको ते बोलतो. मी म्हणालो, "जन्मभर शेळ्यांमागं फिरण्यापलीकडं तुला काय जमलंय?"

दादा काही बोलला नाही. बसून राहिला. पोकलेन परत गेला. येण्याजाण्याचं भाडं मी भरलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद. लग्नाला, दहाव्याला समोर यायचो, तेवढंच. बायका बांधावरून एकमेकींना भाजी द्यायच्या, त्यात आम्ही पडत नव्हतो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी अमेरिकेत गेलो होतो. आणि तिथं बघतो तर काय, एकेक फूट जमीन सोन्याच्या भावाची असलेल्या गावात लोकांनी टेकडी टेकडीसारखीच ठेवलीय. उतारावर माती वाहू नये म्हणून पायवाटेवर आडवे ओंडके टाकलेत. आपल्या तालीसारखे. मी एका ओंडक्यावर बसलो आणि मला दादा त्या खडकावर बसलेला दिसला. जावईबापूंना वाटलं, दमलो.

येताना त्यांनी तीन तबकड्या दिल्या. एक वर्ष त्या कपाटावर पडून होत्या. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरात पोरं जमली, भाच्याची दोन, दादाचा नातू, शेजारची. सगळी मोबाईल घेऊन ओसरीत. त्यांना तरी काय म्हणणार? चारी बाजूंनी ऊस, उसात बिबट्या. आमच्या आळीत चार शेळ्या आणि एक कालवड गेली. आया पोरांना दाराबाहेर सोडत नाहीत. आम्ही अंधार पडेपर्यंत माळावर असायचो, ही पोरं पाचला घरात. तेव्हा सुचलं की सगळ्या शिवारात उघडी जागा एकच आहे, जिथं गवत आखूड आणि चहूकडं नजर जाते. टेकाड.

साखळीच्या टोपल्या कुठून आणणार? फुटकी टोमॅटोची कॅरेट होती. टोमॅटोचे बांबू होते, तार होती. कॅरेट कमरेएवढ्या उंचीला बांबूला तारेनं आवळलं. साखळीच्या जागी ठिबकची जुनी नळी, हात-हात लांबीचे तुकडे करून वरच्या सायकलच्या रिमला लोंबत बांधले. तबकडी त्या नळ्यांना अडते आणि कॅरेटात पडते. आवाज मात्र येत नाही. म्हणून एका टोपलीला म्हशीची जुनी साखळी लावलीय, पोरं भांडतात त्या टोपलीवर शेवट करायला. तबकड्या तीनच, म्हणून बारकी पोरं रंगाच्या बादलीच्या झाकणांवर खेळतात. ती वाऱ्यावर भरकटतात, पण शिकायला बरी.

अशा सहा टोपल्या झाल्या. पहिली बोरीची, गोठ्याकडून पन्नास पावलं, नुसता चढ. चढाला तबकडी जवळ पडते हे पोरांना आधी कळत नाही, नाक वर करून फेकतात आणि ती उलटी खाली येते. दुसरी खडकामागची. चौथीत काही विशेष नाही, ती फक्त पाचवीकडं जायला आहे.

तिसरी मात्र बघण्यासारखी. वरून खाली, लवणाच्या पलीकडं. उजव्या हातानं फेकली की तबकडीचा वेग मेल्यावर ती डावीकडं कलते. उतारावर हवेत जास्त वेळ राहते म्हणून कलतेही जास्त. दुपारनंतर वारा पश्चिमेचा, म्हणजे समोरून. समोरच्या वाऱ्यात तबकडी उचलली जाते, पाठच्या वाऱ्यात दबते. तेव्हा टोपली सरळ समोर दिसत असली तरी नेम धरायचा उजवीकडच्या बाभळीवर. हे सगळं बरोबर जमलं तरी शेवटी ती कडेवर पडली की गडगडत थेट दादाच्या उसात. आणि मी सांगून ठेवलंय, उसात गेलेली तबकडी तोडणीलाच सापडणार. कुणी आत शिरायचं नाही.

आमचे बाकीचे नियम तिकडच्या पुस्तकात नाहीत. सूर्य टेकाडाच्या मागं गेला की खेळ बंद, कितवीही टोपली असो. तबकडी उचलायला एकटं वाकायचं नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून एकानं वाकायचं आणि दुसऱ्यानं शेजारी ताठ उभं राहायचं, मोठ्यानं बोलत. पाचवी टोपली आधी दादाच्या उसाच्या बांधाजवळ होती. डिसेंबरात तिच्याखाली ठसे दिसले, तेव्हा ती उपटून चाळीस पावलं वर आणली.

देखभाल म्हणाल तर काही नाही. कुसळ वाढलं की दादाच्या शेळ्या खातात. मोडलेला बांबू बदलायचा. बस.

सहावी माथ्यावर. तिथून धरणाचं सगळं पाणी दिसतं, आणि हवा स्वच्छ असली की लांब खोडदच्या बाजूला दुर्बिणीच्या दोनचार तबकड्या. तसल्या तीस आहेत, एकेक पंचेचाळीस मीटरची, आकाशातले रेडिओ आवाज ऐकणाऱ्या. भाच्याच्या धाकट्यानं विचारलं, "आप्पा, त्या कुणी फेकल्या?"

आता दादाचं. टोपल्या लावल्या त्या दिवशी तो शेळ्या घेऊन आला. सामाईक जागेत मी पुन्हा न विचारता काहीतरी केलेलं. त्यानं बांबू हलवून बघितला, कॅरेटात डोकावला. मला म्हणाला, "खड्डा दीड फूट तरी घ्यायचा. वाऱ्यानं पडेल." दोन वर्षांतलं ते पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी आलो तर सहाही बांबूंच्या बुडाला दगडांची ठासणी केलेली होती.

रोज खडकावर बसून बघायचा. पोरांनी दहा वेळा म्हणलं तेव्हा उठला. त्यानं डोक्यावरून नाही फेकली, माझ्यासारखी. पत्ते वाटताना मनगट झटकतात तसं झटकलं, तबकडी अगदी जमिनीलगत तरंगत गेली आणि टोपलीच्या दोन हात अलीकडं थांबली. ज्वारीच्या माळ्यावरून आयुष्यभर पाखरं राखलेला माणूस, त्याला वारा काय सांगायचा? पोरं ओरडली. तो परत खडकावर जाऊन बसला. आता कधी कधी फेकतो. माझ्याशी बोलतो ते वाऱ्याचं, शेळ्यांचं. माझी धारदार लाल तबकडी जानेवारीत उसात गेली होती. परवा तोड आली, आणि तोडणीवाल्यांच्या एका पोरीनं ती दादाकडं आणून दिली, कडेला कोयत्याचा घाव बसलेली. दादानं संध्याकाळी ती माझ्या ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली. मी आत होतो. बाहेर आलो तोवर तो निघून गेला होता.

घाव पडलेली तबकडी आता सरळ जात नाही. तरी तीच वापरतो.

दादा मोबाईल वापरत नाही, पण त्याचा नातू हे पान त्याला वाचून दाखवतो हे मला माहीत आहे. म्हणून इथं चारचौघांत लिहितो, कारण त्या दिवशी बोललोही चारचौघांतच होतो. दादा, पोकलेनवाल्यासमोर मी जे बोललो ते चुकलं. विहिरीचंही तुझंच बरोबर होतं. या मार्चातही तिला पाणी आहे.

ज्यांना बघायला यायचंय त्यांनी तीन ते साडेपाचच्या दरम्यान या. गाडी रस्त्यावर लावा, बांधावर घालू नका. पायात बूट घाला, कुसळ फार आहे. आणि बादलीची फुटकी नसलेली झाकणं असतील तर घेऊन या, पोरांना लागतायत.